साथीच्या दिवसांतली सहवासितांची वही

महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, तेव्हा त्या दांपत्याला दुबईहून परतून आठवडा उलटला होता. विमानात सोबत कोण होते, मुंबईहून पुण्याला कोणत्या गाडीने आले, घरात कोण कोण होते, हे धागे धरून शोध घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी बाधित असल्याचे स्पष्ट झाले. अशा शोधाचा मोठा भार माणसाच्या आठवणीवर असतो, आणि अंगात ताप भरलेला असताना, घरच्यांची काळजी लागलेली असताना, नेमकी तीच आठवण दगा देते. म्हणून साथ सुरू झाल्याची बातमी आली की शाळेतली एखादी उरलेली वही काढावी आणि रोज रात्री जेवणानंतर त्या दिवशी कोण कोण भेटले याच्या चार-पाच ओळी लिहाव्यात. दुसऱ्या दिवसावर टाकू नये. दोन दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये कोण होते हे कोणालाच आठवत नाही.

केवळ नावे लिहून भागत नाही. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने निकट सहवासित, म्हणजे बाधिताच्या जवळून संपर्कात आलेली माणसे, ठरवताना एक मीटरच्या आतले अंतर आणि पंधरा मिनिटांहून अधिक काळ हे निकष धरले होते. परंतु बंद खोलीत विषाणू हवेतून दूरवर पोहोचतो, हेही पुढे मान्य झाले. त्यामुळे प्रत्येक भेटीची वेळ आणि कालावधी, जागा बंद होती की उघडी, खिडक्या उघड्या होत्या की एसी चालू होता, मास्क तोंडावर होता की हनुवटीवर, आणि एकत्र खाणेपिणे झाले का, एवढे टिपावे. माझ्या मते यांतली हवेची नोंद सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. नोंद साधारण अशी असावी :

‘मंगळवार. सकाळी ७.१० ते ७.२०, दूध केंद्राची रांग, उघड्यावर, सर्वांना मास्क. ११ ते १२.३०, बँकेत, एसी, खिडक्या बंद, खिडकी क्रमांक ३. दुपारी मावशींकडे जेवण, चौघे, मास्क नाही, दीड तास. परतताना शेअर रिक्षा, तिघे, अनोळखी, २० मिनिटे.’

अनोळखी माणसांचे नाव मिळणार नाही, पण रिक्षाचा थांबा, एसटीची वेळ आणि मार्ग, रेल्वेचा डबा व आसन क्रमांक लिहिता येतो, आणि शोध घेणाऱ्याला तोच उपयोगी पडतो. लग्न, बारसे, दशक्रिया किंवा भजनाची बैठक असेल तर त्या दिवसाला अर्धे पान द्यावे, कारण एका बंद सभागृहातल्या गाण्या-बोलण्यातून एकदम अनेकांना लागण होऊ शकते. घरातल्या माणसांची नावे रोज लिहिण्याची गरज नाही. आजी-आजोबांना भेटायला कोण आले, एवढे मात्र जरूर लिहावे.

एखादा दिवस राहून गेला तर पैसे दिल्याचे मोबाइलवरील संदेश, फोनमधील कॉलची यादी, छायाचित्रांवरील वेळ आणि टॅक्सीच्या फेऱ्यांची नोंद यांवरून तो बराचसा उभा करता येतो. २ एप्रिल २०२० रोजी आलेले आरोग्य सेतू ॲप ब्लूटूथच्या आधारे जवळच्या फोनची नोंद घेत असे; परंतु समोरच्याच्या फोनमध्ये ते ॲप नसेल, किंवा मुळात स्मार्टफोनच नसेल, तर ती भेट त्याला कळत नव्हती. वहीला ही अडचण नाही.

चाचणी बाधित आली तर वहीत दोन वेळा मागे जावे. लक्षणे १५ तारखेला सुरू झाली असतील, तर १३ तारखेपासून विलगीकरणात जाईपर्यंत भेटलेल्यांना आपल्याकडून लागण झालेली असू शकते, कारण कोविडचा रुग्ण लक्षणांच्या सुमारे दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. लक्षणेच नसतील तर नमुना दिल्याच्या दिवसापासून तसेच दोन दिवस मागे मोजावे. या लोकांना त्याच दिवशी स्वतः फोन करावा, वयस्कर, गरोदर आणि मधुमेही व्यक्तींना आधी. दुसरी वेळ १ तारखेपर्यंतची, कारण लागण ते लक्षणे हा काळ १४ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याला लागण कोठे झाली असावी, ते या पानांत सापडण्याची शक्यता असते. साथ दुसऱ्या आजाराची असेल तर हे दिवस बदलतात, तेव्हा आरोग्य विभागाने सांगितलेले आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

महापालिकेचे कर्मचारी किंवा आशाताई विचारायला आल्या की वही उघडून वाचून दाखवावी, काहीही न लपवता. मात्र पानांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कदापि टाकू नयेत. कोविडच्या पहिल्या महिन्यांत बाधितांची नावे गावभर झाली आणि कित्येक कुटुंबांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखे वागवले. त्या भीतीने पुढे लोक चाचणीच टाळू लागले. वहीत दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची माहिती असते, म्हणून ती कपाटात ठेवावी आणि तीन आठवड्यांहून जुनी पाने, घरात कोणी आजारी नसल्यास, फाडून टाकावीत.