बाखचं ऑर्गन संगीत पियानोवर कसं ऐकायचं

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातली पायपेटी आठवते. इथे मात्र चर्चमधला पाइप ऑर्गन म्हणतेय, ज्याच्यासाठी जर्मन संगीतकार बाखने (१६८५–१७५०) आयुष्यभर लिहिलं. तेच संगीत पियानोवरही वाजवतात आणि ते कसं ऐकावं यावर लोक इतके चुकीचे सल्ले देतात की राहवत नाही. सगळ्यात वाईट सल्ला, 'डी मायनर टोकाटापासून (बाखची सगळ्यात प्रसिद्ध ऑर्गन रचना) सुरुवात कर'. नका करू. त्यात दणका एवढा आहे की दोन वाद्यांतला फरक कानाला कळतच नाही.

'इख रूफ त्सू दिर' ही रचना घ्या, बीडब्ल्यूव्ही ६३९ (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). जेमतेम तीन मिनिटांचं. बाखने जर्मनीतल्या वायमारच्या दरबारात ऑर्गनिस्ट असताना लिहिलेल्या छोट्या रचनांच्या संग्रहात ते आहे, आणि इटालियन पियानोवादक बुसोनीने ते पियानोसाठी बसवून १८९८ मध्ये छापलं. रुमानियन पियानोवादक दिनू लिपातीचं १९५० चं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच लावा.

हेडफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरमधून ऑर्गनचे पायाने वाजवलेले खालचे सूर जवळजवळ गायब होतात.

आधी ऑर्गनवर दोनदा ऐका, मग पियानो.

आता खरी अडचण. या तुकड्यात तीनच सुरावटी आहेत, वर संथ चाल, मध्ये अखंड वाहणारे बारीक सूर आणि खाली बेस. मी कित्येक आठवडे अख्खा तुकडा ऑर्गनवर, मग अख्खा पियानोवर असं ऐकत बसले आणि दर वेळी वाटायचं की पियानोवर हे फिकं होतं, काहीतरी हरवतं. हरवत काही नव्हतं, माझा कान वरच्या चालीला चिकटून बसला होता आणि पियानो त्या चिकटण्याला मदतच करतो. कारण ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच, कमी-जास्त करायचा तर स्टॉप, म्हणजे कुठल्या नळ्या वाजतील ते ठरवणाऱ्या खुंट्या, बदलावे लागतात. पियानोवर बोटाच्या जोरावर एकच सुरावट पुढे काढता येते, आणि बहुतेक वादक चालच पुढे काढतात. शिवाय ऑर्गनवर बेसला सहसा १६ फुटी स्टॉप लावतात, म्हणजे लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली तो घुमतो. पियानोवाल्याकडे पायपट्ट्या नाहीत, तिन्ही सुरावटी दहा बोटांतच बसवायच्या.

म्हणून असं करा. पहिला भाग दोनदा येतो, बाखनेच तशी सोय करून ठेवलीय. पहिल्या वेळी चाल ऐका, आणि तोच भाग परत सुरू झाला की चाल मुद्दाम सोडून द्या आणि फक्त बेस धरा, तोंडाने हळू गुणगुणत. एकसारख्या लयीत चालणारी पावलं आहेत ती, पुष्कळदा तोच सूर परत. पाच-सहा वेळा सुटेल, परत मागे जाऊन लावा, पण पुढे जायची घाई अजिबात करू नका. 'फक्त डोळे मिटून अनुभवा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, डोळे मिटून बेस सापडत नाही, गुणगुणून सापडतो. एकदा सापडला की मधली सुरावट आपोआप मोकळी होते आणि पियानो मग फिका वाटत नाही, उलट तिन्ही माणसं एकाच खोलीत बसून हळू बोलताहेत असं वाटतं.

मग लांब सुरांकडे बघा. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेतो उभाच राहतो, भाता चालू असलेल्या पेटीसारखा. पियानोत हातोडी तारेवर पडली की लगेच ओसरायला लागतो, त्यामुळे वादकाला पुढचा सूर आधीच्या सुराच्या शेपटाइतक्याच जोराने लावावा लागतो, नाहीतर चाल तुटते. लिपातीकडे हे नीट ऐका.

याची सवय झाली की सी मायनर पासाकाल्या घ्या (पासाकाल्या म्हणजे बेसची एकच चाल पुन्हा पुन्हा येते अशी रचना), बीडब्ल्यूव्ही ५८२. तिथे बेस सुरुवातीला एकटाच येतो, शोधायलाच नको.

आणि दर वेळी शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, पूर्ण ऐका, रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर बोट नेऊ नका. ऑर्गनवर तो सपाट उभा असतो, वादक हात उचलतो आणि कापल्यासारखा थांबतो, नंतर चर्चची घुमी राहते. पियानोवर तो वाजल्या क्षणापासून विरत जातो आणि नेमका कधी संपला ते सांगता येत नाही.