तळ्यातलं गवत उपटण्याआधी

आमच्या गावतळ्याची वाट लागली ती आमच्याच उत्साहानं. गाव निफाड तालुक्यातलं, चहूकडे द्राक्षबागा. तीन वर्षांपूर्वी "तळ्यात गवत माजलंय" म्हणून आम्ही बायका-पोरांनी दोन रविवार खपून पाण्याखालचं सगळं ओढून काढलं. पदर खोचून पुढे मीच. मामंजी काठावरून ओरडत होते, "अगं, थोडं राहू दे, माशांची पिल्लं लपायची कुठं?" ऐकलं कोणी? दिवाळीपर्यंत तळ्याची पालकाची पातळ भाजी झाली.

तर आधी एवढं ओळखा की माजलंय ते नेमकं काय. पानं तरंगताहेत, देठ फुगीर, फूल जांभळं, तर ती जलपर्णी. तिला बिनधास्त काढा, फूल यायच्या आत, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग मात्र काठावर टाकू नका. पहिल्या पावसात त्याचा सगळा कस परत पाण्यात उतरतो. ट्रॉली भरून लांब न्या, खत करा.

पण झाड पाण्याच्या आत उभं आहे, बारीक पानांचं, हाताला बुळबुळीत, तर हात आवरा. ते गाळ धरून ठेवतं आणि पाण्यातलं खत पिऊन टाकतं. त्याच्या आडोशाला डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा राहतात, त्या हिरवं शेवाळ खातात. पाणी नितळ म्हणून ऊन तळापर्यंत पोचतं, आणि ऊन पोचतं म्हणून झाड वाढतं. झाड गेलं की सगळं उलट फिरतं: शेवाळ माजतं, ऊन अडतं, झाडाला परत उगवताच येत नाही. उथळ तळ्यांच्या या दोन अवस्था डच पर्यावरणशास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली नीट मांडल्या. त्यातली मेख अशी की जेवढ्या खतानं तळं बिघडलं, तेवढंच कमी करून ते सुधारत नाही, त्याहून बरंच खाली यावं लागतं. चिखलात गाडी रुतते एका क्षणात. काढायला जादा बैलजोडी लागते.

आता पाणी किती नितळ ते मोजायचं कसं. डब्याचं वीसेक सेंटीमीटरचं पत्र्याचं झाकण घ्या, चार पाव करून आलटून-पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजनाला दगड बांधा. दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ. दुपारी, सावलीच्या बाजूनं, हळूहळू सोडा. झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजा. पंधरा दिवसांनी, त्याच जागी, शक्यतो त्याच माणसानं. आमच्या नव्या चष्म्यानं एकदा अख्खी गाठ वाढवली होती!

पाणी गढूळ आहे की हिरवं, हे काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवून बघा. सकाळी बरीच माती खाली बसून वरचं निवळलं तर दोष पावसाच्या लोंढ्याचा. हिरवंच राहिलं तर शेवाळ. अशा तळ्यावर एकदा पहाटे जा, सूर्य उगवायच्या आधी. रात्रभर सगळे प्राणवायू खातात, बनवत कोणी नाही, म्हणून मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात.

सुधारायचं तर आधी येणारं खत अडवा. बागेकडून येणाऱ्या ओहोळाच्या तोंडाशी गवताचा पट्टा राखा, जनावरं धुणं बंद करा, निर्माल्य वेगळं गोळा करा. त्यावर भांडण होतंच, होऊ द्या. मग मासे. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तळ उकरून गाळ ढवळतो, त्याला जाळं लावून काढाच. आणि उन्हाळ्यात तळं आटलं तर जीव खाली-वर करू नका. गाळाला भेगा पडतात, तो घट्ट बसतो, दडलेलं बी रुजायची शक्यता वाढते. गाळ काढायचाच तर शेतात टाका, पण मशीनवाल्याला एक कोपरा सोडायला लावा, झाडं तिथूनच पसरतात.

नमुना बघायचा असेल तर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे उथळ पाणी २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. काळे वारकरी पक्षी बुडी मारून चोचीत जे हिरवं घेऊन वर येतात, तेच आम्ही 'घाण' म्हणून उपटलं होतं.

आमचं तळं दोन गाठींवरून सहावर आलंय. जुलैत मत्स्यबीजवाला आला, "ताई, गवत्या सोडा, सगळं गवत साफ करतो." चहा पाजला. म्हटलं, मरळ असेल तर बोला, पाणपिसवा खाणाऱ्या बारक्या मासळीला ती पोरासोरांसारखी आवरते. त्याच्याकडे नव्हती.