सप्टेंबरला ब्रिटनच्या विद्यापीठात : ठाणे-नवी मुंबईतून निघताना कागद, पैसे आणि अभ्यासाची तयारी

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या एका वर्षाच्या मास्टर्सची तयारी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा, आणि पहिल्यांदा सगळ्या कागदांवरची नावं जुळवून पाहा. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि मग वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. या क्रमाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगने, आणि आईच्या नावाने. व्हिसासाठी आईच्या खात्यातले पैसे दाखवणार असाल आणि जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, बँकेच्या खात्यावर सासरचं असेल, तर खातं आईचंच आहे हे कागदावर सिद्ध करावं लागतं. अशा वेळी लग्नाचा दाखला जोडा. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेकडून इंग्रजीतला मिळतो का ते आधी बघा. मिळत नसेल तर प्रमाणित भाषांतर लागेल. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हे चारही हवेत.

मुंबई विद्यापीठाची पदवी असेल तर ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या प्रमाणित उताऱ्यासाठी, विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हातात नसेल तर ऑफर सशर्तच राहते, आणि ऑफर बिनशर्त झाल्याशिवाय विद्यापीठ कॅस देत नाही. कॅस म्हणजे व्हिसाच्या अर्जात घालायचा प्रवेशाचा क्रमांक. तो सहा महिने चालतो. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या काही विषयांना त्याआधी एटास, म्हणजे संवेदनशील विषय शिकण्यासाठीची ब्रिटिश सरकारची मंजुरी लागते. ती फुकट आहे, पण तिला काही आठवडे जातात. ऑफर लेटरमध्ये तिचा उल्लेख असेल तर त्याच आठवड्यात अर्ज करून टाका.

आता पैसे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

व्हिसासाठी बँकेत दाखवायची रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची न भरलेली फी, अधिक राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनमध्ये १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड. समजा लंडनबाहेरच्या विद्यापीठाची फी २२,००० पौंड आहे आणि ५,००० भरून झालेत. मग १७,००० अधिक १०,५३९, असे २७,५३९ पौंड दाखवायचे. भरलेले ५,००० कॅसवर नोंदलेले आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. नोंद नसेल तर विद्यापीठाला लगेच कळवून दुरुस्त करून घ्या.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांहून जुना नसावा. १ जुलैला रक्कम पूर्ण झाली तर २८ जुलैला मुदत भरते. त्या तारखेचं स्टेटमेंट घेऊन २८ ऑगस्टपर्यंत अर्ज करता येतो. मधल्या एकाही दिवशी शिल्लक रकमेखाली जाता कामा नये. घराचा हप्ता, एसआयपी, क्रेडिट कार्डाचं बिल आपोआप कापलं जातं आणि एका दिवसासाठी शिल्लक खाली येते. तेवढ्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून ज्या खात्यातून काहीच कापलं जात नाही असं वेगळं बचत खातं वापरा. रुपयांचा हिशोब ब्रिटिश गृहखातं ओअँडा या चलनाचे दर देणाऱ्या संकेतस्थळाच्या दराने करतं आणि तो दर रोज हलतो, तेव्हा पाच-सात टक्के वर ठेवणं शहाणपणाचं.

पैसे कोणाचे, हेही ठरलेलं आहे : विद्यार्थ्याचे स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे. आई-वडिलांचे असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. काका, मामा, आजोबा कितीही मदत करोत, त्यांच्या खात्यातली रक्कम धरत नाहीत. ती विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात आणायची, आणि २८ दिवस तेव्हापासून मोजायचे. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ, सोनं, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, यातलं काहीच चालत नाही. एफडी ठेवायची असेल तर ती कधीही मोडता येते असं बँकेच्या पत्रात लिहून घ्या. पतपेढीतल्या ठेवीवर मात्र विसंबू नका. संस्था अधिकृत नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिच्या नोंदी संगणकावर हव्यात आणि गृहखात्याला त्या तपासता यायला हव्यात.

शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अट नाही, आणि खात्यात एकरकमी पैसे नसलेल्या घरासाठी हाच रस्ता सोपा. मंजुरीपत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं, विद्यार्थ्याच्या नावाचं, रक्कम स्पष्ट लिहिलेलं हवं. बँकेचे छापील नमुने पुष्कळदा अटींनी भरलेले असतात. व्हिसा मिळणं एवढीच अट राहील असं पत्र शाखेकडून मागून घ्या. फी परदेशी पाठवताना, एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने कापायचा कर, लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवरही तो लागत नाही.

बाकीचे टप्पे सरळ आहेत. क्षयरोगाची तपासणी गृहखात्याने नेमलेल्या दवाखान्यातच करावी लागते. असे दवाखाने मुंबईत आहेत. ठाण्यातल्या नेहमीच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला दोन महिनेही लागू शकतात, म्हणून हे काम मे-जूनमध्ये उरकून घ्या. अर्ज अभ्यासक्रमाआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. एप्रिल २०२५ मध्ये अर्जाची फी ५२४ पौंड झाली. ती वरचेवर वाढते, भरण्याआधी ताजा आकडा बघा. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा चार महिने जास्त मिळतो, त्या वरच्या महिन्यांसाठी अर्धं वर्ष धरून दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड अधिभार पडतो. व्हिसा आता ई-व्हिसा आहे. यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यात नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा निघण्याआधी तपासा. तिकिटावर बीओएम लिहिलंय की एनएमआय, तेही बघा. सहारचा विमानतळ आणि उलव्याचा, यांत चांगलंच अंतर आहे.

सामानात तूप, पेढे, खवा घालू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, पापड चालतात. कुकर न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा न्या, साधा ॲल्युमिनियमचा तिथे तापतच नाही. प्लगला तीन चौकोनी पायांचा अडॅप्टर पुरतो. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. धूर पॅसेजमध्ये गेला की अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत थंडीत बाहेर येऊन उभी राहते.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. अधिभार भरलेलाच आहे, आजारी पडेपर्यंत थांबू नका.

अभ्यासाचा धक्का ऑक्टोबरमध्ये बसतो. मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम. २० क्रेडिटच्या विषयाला २०० तास धरलेले असतात, त्यात प्रत्यक्ष वर्ग वीस-तीस तासांचेच भरतात. उरलेला वेळ वाचनाचा आहे. तो मोकळा समजून नोकरीत घालवला की डिसेंबरमध्ये तीन निबंध एकदम अंगावर येतात. ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. इकडे ऐंशीच्या घरात असणाऱ्याला तिकडे ६२ मिळाले तर घाबरू नये, ते चांगले मार्क आहेत.

निबंधाचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात सांगा. पुढे प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचा पुरावा आणि त्यावरचा आक्षेप. नोट्स काढून पाठ करून लिहिण्याची आपली सवय इथे महागात पडते. वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी विचार दुसऱ्याचा असेल तर संदर्भ द्यावाच लागतो. म्हणून नोट्स काढतानाच प्रत्येक ओळीशेजारी लेखक, वर्ष आणि पान टिपा. रात्री दोन वाजता हे शोधता येत नाही आणि वाङ्मयचौर्याची प्रकरणं तिथूनच उभी राहतात. एआयचा नियम प्रत्येक विषयाला वेगळा असू शकतो, हँडबुक वाचा. उशिराचे मार्क सहसा दिवसागणिक कापले जातात. आजारी असाल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी, डॉक्टरच्या कागदासह करा.

नोकरीची मर्यादा टर्ममध्ये आठवड्याला २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार. सरासरी काढून चालत नाही : एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले तरी नियम मोडला. उन्हाळ्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पदवीच्या मुलांना तेव्हा सुट्टी असते, पण मास्टर्सवाल्यांचा तो डिझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचा काळ, अर्थात टर्मच. तेव्हाही २० तासच. फ्रीलान्स आणि ॲपवरून डिलिव्हरीचं स्वयंरोजगाराचं काम या व्हिसावर अजिबात चालत नाही, मित्राच्या खात्यावरून तर नाहीच. तारखांबद्दल शंका असेल तर शिफ्ट घेण्याआधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. त्याचे पैसे पडत नाहीत.