ॲडसेन्सच्या खात्यात पत्ता नीट भरा
ब्लॉगवर गूगल ॲडसेन्सच्या (जाहिराती दाखवण्याबद्दल ब्लॉगरला पैसे देणारी गूगलची सेवा) जाहिराती लावताना खात्यातला पत्ता घर क्रमांक, जवळची खूण आणि पिनकोडसह काळजीपूर्वक भरावा, कारण कमाई १० डॉलरपर्यंत पोहोचली की पत्त्याच्या पडताळणीचा सहा अंकी पिन (गुप्त क्रमांक) साध्या टपालाने त्याच पत्त्यावर येतो आणि तो चार महिन्यांत खात्यात भरला नाही, तर जाहिराती दिसणेच थांबते. वाडीवस्तीवर राहणाऱ्यांनी पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवलेले बरे. ते पाकीट लहान असते, वीजबिलांच्या गठ्ठ्यात सहज हरवते. खात्यावरचे नाव बँकेच्या पासबुकाप्रमाणेच असावे. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर जमल्यावरच मिळतात, तोवर धीर धरावा. पण आपल्याच जाहिरातींवर स्वतः क्लिक करू नये किंवा घरच्यांकडून करवून घेऊ नये, त्याने खाते कायमचे बंद होऊ शकते.