कार्ड कंपनीचं, पैसे सरकारचे : न्यू जर्सीतलं मेडिकेड

अमेरिकेत नवीन आलेल्या मंडळींचा सरकारी आरोग्य विम्याबद्दलचा गोंधळ नावापासूनच सुरू होतो. मेडिकेअर मुख्यतः पासष्टीनंतरचं, मेडिकेड कमी उत्पन्नाचं, एवढं आधी पक्कं करा. त्यात मेडिकेड राज्यागणिक नाव बदलतं. कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, आपल्या न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. १९६५ साली कायदा झाला तेव्हापासून पैसे केंद्र आणि राज्य मिळून घालतात, कारभार मात्र राज्य बघतं. त्यामुळे टेक्सासातल्या मावसभावाने छातीठोकपणे दिलेला सल्ला एडिसनमध्ये चालेलच असं नाही.

माझा मेडिकेडशी संबंध आला २०२०च्या उन्हाळ्यात, नोकरी गेली तेव्हा. अर्ज मंजूर झाला आणि काही दिवसांच्या अंतराने दोन कार्डं पोस्टाने आली. एक राज्याचं, दुसरं एका विमा कंपनीचं. कंपनीचं कार्ड मला जाहिरात वाटली, म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढच्याच आठवड्यात धाकटीचा कान ठणकायला लागला. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि राज्याचं कार्ड ऐटीत पुढे केलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “प्लॅनचं कार्ड कुठाय?” घरी धावलो, ते घेऊन आलो. त्यावर उत्तर मिळालं, “हा प्लॅन आम्ही घेत नाही.” अर्जात प्लॅन, म्हणजे कुठल्या विमा कंपनीची योजना हवी ते, निवडायचा रकाना मी मोकळा सोडला होता. आपण निवडलं नाही की राज्य आपल्या वतीने निवडतं, आणि तसंच झालं होतं.

यालाच मॅनेज्ड केअर म्हणतात. पुण्यात शिकायला असताना मेसला महिन्याचे ठराविक पैसे भरायचो, आठवतंय? तुम्ही दोन वेळा जेवा नाहीतर गावी जा, मेसवाल्याला मिळायचं तेवढंच. राज्य विमा कंपनीला असंच दर माणशी, दर महिना ठराविक रक्कम देतं आणि त्यातून औषधपाणी कंपनीने करायचं. पूर्वी डॉक्टर थेट सरकारला बिल लावायचे, तेव्हा खर्च किती होईल हे राज्याला वर्ष संपल्यावर कळायचं. आता ते आधीच ठाऊक असतं, म्हणून राज्यांना ही पद्धत सोयीची वाटते. आपल्या बाजूने बघितलं तर एक गोष्ट लक्षात ठेवायची. जेवणारा कमी जेवला की फायदा मेसवाल्याचा. कंपनी तुमचा घात करायला बसलेली नाही, पण महागड्या तपासणीला ‘आधी परवानगी घ्या’ का म्हणते, त्याचं कारण इथे आहे.

ॲरिझोना मेडिकेडमध्ये सगळ्यात शेवटी, १९८२ला आलं आणि पहिल्या दिवसापासून याच पद्धतीने चाललं. १९९७च्या कायद्याने राज्यांना बहुतेक लोकांना प्लॅनमध्ये घालणं सोपं करून दिलं. आज देशभरातल्या मेडिकेडवाल्यांपैकी साधारण चारात तीन अशा प्लॅनमध्ये आहेत, आणि त्यातले जवळपास निम्मे पाच मोठ्या कंपन्यांकडे. नॉर्थ कॅरोलायना या पद्धतीत २०२१ला आलं, ओक्लाहोमा २०२४ला. उलट्या दिशेने गेलेलं राज्य म्हणजे कनेटिकट, त्यांनी २०१२ला कंपन्यांना निरोप दिला. पूर्वी प्लॅनमध्ये मुख्यतः मुलं आणि त्यांच्या आया असायच्या. नंतर वृद्ध आणि अपंगही आले. न्यू जर्सीत जुलै २०१४पासून वृद्धांची घरच्या घरी होणारी दीर्घकालीन सेवाही प्लॅनमार्फतच मिळते. थोडक्यात, प्लॅनशिवाय मेडिकेड इथे आता जवळजवळ उरलेलं नाही.

म्हणून प्लॅन निवडताना आळस करू नका. न्यू जर्सीत पाच प्लॅन आहेत. कुणाची जाहिरात चकचकीत आहे, कोण जिमची सवलत देतं, हे बघत बसू नका. आधी डॉक्टर ठरवा. मुलांच्या डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून विचारा, “तुम्ही फॅमिलीकेअरचे कुठले प्लॅन घेता?” नुसतं “मेडिकेड घेता का?” विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणतात आणि तुम्ही फसता. कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीवरही फार विसंबू नका. दुसऱ्या गावी गेलेले डॉक्टर तिथे वर्षानुवर्षं नांदत असतात. निवड चुकलीच तर पहिल्या ९० दिवसांत कारण न देता प्लॅन बदलता येतो, नंतर दर वर्षी १ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. मी तिसऱ्या आठवड्यात बदलला.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न : आपल्याला मिळतं का? मोठ्यांना सहसा ग्रीन कार्डानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, ही १९९६च्या कायद्याची देणगी. एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोरवरच्या (त्यावर आलेल्या जोडीदाराचा व्हिसा) मोठ्या माणसाला नाही. पण कायदेशीर राहणाऱ्या गरोदर बाईला न्यू जर्सीत ही पाच वर्षं लागू नाहीत, आणि बाळंतपणानंतर वर्षभर संरक्षण राहतं. १९ वर्षांखालच्या मुलांना तर जानेवारी २०२३पासून व्हिसा कुठला हा प्रश्नच नाही, उत्पन्न बघतात. मुलांसाठीची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्के, म्हणजे २०२५च्या आकड्यांनुसार चौघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण १ लाख १४ हजार डॉलर. हा आकडा ऐकून लोक दोनदा विचारतात. नोकरीतून मुलांचा विमा आधीच असेल तर हिशेब वेगळा होतो, ते अर्जात खरं लिहा. मोठ्यांची मर्यादा बरीच खाली, १३८ टक्के.

पब्लिक चार्जचं, म्हणजे सरकारी मदत घेतली म्हणून ग्रीन कार्ड अडेल का या भीतीचं उत्तर मी देणार नाही. तो नियम २०१९ला कडक झाला, २०२२ला सैल झाला, आणि पुन्हा बदलायच्या हालचाली आहेत. इमिग्रेशन वकिलाला विचारा, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

आणि पोस्ट उघडा. कोविडच्या काळात, मार्च २०२०पासून, कुणाचं मेडिकेड काढायचं नाही असा केंद्राचा नियम होता. तो मार्च २०२३अखेर संपला आणि राज्यांनी सगळ्यांची फेरतपासणी सुरू केली. देशभरात अडीच कोटींहून जास्त लोक बाहेर पडले. त्यातल्या बहुतेकांचं उत्पन्न वाढलं होतं असं नाही. फॉर्म परत आला नाही, पत्ता चुकला, अशी कारणं. आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याचं फेरतपासणीच्या फॉर्मचं पाकीट त्यांच्या जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहिलं. फार्मसीत इन्हेलर घ्यायला गेले तेव्हा कळलं की कार्ड बंद आहे. पत्ता बदलला की फॅमिलीकेअरला स्वतः कळवा, नुसतं पोस्ट ऑफिसच्या भरवशावर राहू नका. मुलांना आता एक दिलासा आहे, २०२४पासून एकदा मंजूर झालं की १२ महिने सहसा काढत नाहीत. मोठ्यांचं मात्र कठीण होत चाललंय. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याप्रमाणे २०२७पासून, मेडिकेडच्या विस्तारात, म्हणजे उत्पन्नमर्यादा वाढवल्यामुळे, आत आलेल्या मोठ्यांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवावी लागेल, आणि फेरतपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी होईल. म्हणजे पाकिटं दुप्पट.

प्लॅनने एखाद्या उपचाराला नाही म्हटलं तर तो शेवटचा शब्द नसतो. केंद्राच्याच एका तपासणीत दिसलं होतं की २०१९मध्ये अशा प्लॅननी परवानगीच्या दर आठ अर्जांपैकी एक नाकारला होता, आणि अपील करणारे फारच थोडे. नकाराच्या पत्रापासून ६० दिवसांत अपील करता येतं. चालू असलेला उपचार मधेच थांबवत असतील आणि तो तसाच चालू ठेवायचा असेल तर १० दिवसांत हालचाल करा. तिथेही नाही म्हणाले तर राज्याकडे सुनावणी मागता येते.

हे सगळं इंग्रजीतून करायची सक्ती नाही. प्लॅनला दुभाषी फुकट द्यावा लागतो, कुठल्याही भाषेचा. शेजारच्या काकूंची गुडघ्याची फिजिओथेरपी प्लॅनने मध्येच थांबवली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर फोनवर बसलो होतो. पलीकडे आधी हिंदीवाला आला. काकूंनी ठणकावलं, “नको, मराठी पायजे.” अकरा मिनिटं वाट बघायचं संगीत वाजत राहिलं. मी म्हटलं, चालवून घ्या ना काकू. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग एका बाईंचा आवाज आला, “नमस्कार, बोला.” काकू फोन कानाशी घट्ट धरून सरसावून बसल्या आणि गुडघ्याची कहाणी थेट १९९८पासून सुरू केली.