फोटोंचा दर्जा नकळत का घसरतो? साठवताना आणि संपादन करताना या चुका टाळा

डिजिटल फोटो केवळ जुना झाला म्हणून फिकट पडत नाही. फाइल जशीच्या तशी राहिली, तर वीस वर्षांनंतरही तिच्यातला पिक्सेल न पिक्सेल तोच असतो. तरीही लग्न-मुंजीचे फोटो काही वर्षांनी मोठे छापायला काढावेत, तर ते धूसर आणि डागाळलेले निघतात, याचा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. हे नुकसान काळाने केलेले नसते. फाइल पुन्हा साठवताना, कुणाला पाठवताना किंवा लहान करताना ते आपल्याच हातून होते आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नसल्यामुळे लक्षात यायला फार उशीर होतो.

एकच जेपेग पुन्हा पुन्हा साठवणे

जरीच्या काठाभोवती किंवा पाटीवरच्या अक्षरांभोवती बारीक ठिपक्यांची धूळ दिसत असेल आणि आकाशात चौकोनी ठोकळे उमटले असतील, तर दोष बहुधा जेपेग (.jpg) या फोटो-फाइलच्या प्रकारातल्या संकोचनाचा, म्हणजे फाइल लहान करण्याच्या पद्धतीचा असतो. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला जो बारीक तपशील डोळ्याला फारसा जाणवणार नाही असे तिला वाटते, तो कायमचा टाकून देते. रंगांच्या बाबतीत ती आणखी काटकसर करते: उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवली, तरी रंगाची नोंद पुष्कळदा चार पिक्सेलांना मिळून एकच असते. लाल शालूची कड हिरव्या पार्श्वभूमीवर फिसकटल्यासारखी दिसते ती यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जेपेग फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर केल्याने दर्जा जराही कमी होत नाही. नुकसान होते ते फाइल उघडून, तिच्यात बदल करून, पुन्हा जेपेग म्हणूनच साठवल्यावर. आज उजेड वाढवला, उद्या कडा कापल्या, परवा तारीख टाकली आणि दरवेळी त्याच फाइलवर ‘सेव्ह’ केले, तर प्रत्येक वेळी नव्याने गाळणी लागते. त्याऐवजी काम चालू असेपर्यंत फाइल टिफ या तपशील न गाळणाऱ्या प्रकारात किंवा संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावी (गिंपमध्ये ते एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी) आणि जेपेग अगदी शेवटी, एकदाच काढावी. गिंपने २०१२ पासून ‘सेव्ह’ (स्वतःच्या स्वरूपात साठवणे) आणि ‘एक्स्पोर्ट’ (जेपेगसारख्या स्वरूपात काढणे) हे दोन आदेश वेगळे केले. अनेकांना तो बदल त्रासदायक वाटला, पण तो योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे.

बिघडलेली जेपेग पीएनजी या तपशील न गाळणाऱ्या प्रकारात बदलली म्हणजे सुधारेल, ही आशाही व्यर्थ आहे. पुढची झीज त्याने थांबते, पण गेलेला तपशील परत येत नाही आणि फाइल मात्र कित्येक पटींनी फुगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत हीच मूळ मानणे

माझ्या मते घरगुती फोटोंचे सर्वाधिक नुकसान येथे होते. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करून पुन्हा संकोचित करते आणि फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही फाइलमधली माहितीही त्यातून गळून पडते. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो. पाठवल्यानंतर त्याची मोठी बाजू १६०० पिक्सेल उरली, तर एकूण पिक्सेलांपैकी सुमारे एक षष्ठांशच हाती राहतात. इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या हिशोबाने तो फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो, तर मूळ फोटो तेरा इंचांहून अधिक. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायाने परिस्थिती सुधारते, पण तोही मूळ फाइल पाठवत नाही. मूळच हवी असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. आजी-आजोबांचा शेवटचा चांगला फोटो आत्याच्या मोबाइलमध्ये असेल, तर तिने तो मोबाइल बदलण्याआधीच हे काम उरकावे.

फोटोचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे ही याच प्रकारची चूक होय. त्यात पडद्यापुरतेच पिक्सेल येतात.

परीक्षेच्या अर्जासाठी ५० केबीचा फोटो करताना मूळ फाइलवरच ती लहान प्रत साठवली जाण्याचे प्रकारही नेहमी घडतात. आकार बदलण्यापूर्वी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवे नाव द्यावे.

डीपीआयचा आकडा बदलून छपाई सुधारेल असे समजणे

स्टुडिओवाल्याने ‘३०० डीपीआयची (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची) फाइल द्या’ म्हटले की अनेक जण सॉफ्टवेअरमध्ये ७२ चे ३०० करतात. पिक्सेल तेवढेच राहिले तर त्याने काहीच साधत नाही. आणि सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवून दिले, तर ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. पाहायची असते ती पिक्सेलांची लांबी-रुंदी. बारा बाय अठरा इंचांच्या प्रतीला ३०० च्या हिशोबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढे नसतात, तरी इंचाला दोनशेच्या वर मिळतात आणि भिंतीवर, चार फुटांवरून पाहायच्या फोटोला तेवढे पुरते.

अंधारा फोटो ओढूनताणून उजळणे

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. सावलीतला चेहरा फार उजळला की त्या भागातल्या मोजक्या छटा ताणल्या जातात आणि गालावर पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४०९६ किंवा १६३८४ पातळ्या असल्यामुळे तेथे बरीच मोकळीक मिळते. महत्त्वाच्या समारंभाला शक्य असेल तर रॉ आणि जेपेग दोन्ही नोंदवावेत. पडद्यावर भडक दिसणारे रंग फोटो छापणाऱ्या लॅबमधून मरगळलेले छापून आले, तर फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या रंगांच्या विस्तृत व्याप्तीत आहे का ते तपासावे. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी ही नेहमीची व्याप्तीच अपेक्षित असते.

सिंक म्हणजेच बॅकअप मानणे

गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असेल, तर फोटो संकोचित होतात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यापर्यंत लहान केले जातात. ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडल्यास तसे होत नाही. शिवाय अ‍ॅपमधून पुसलेला फोटो खात्यातूनही पुसला जातो, कारण दोन्हीकडचे फोटो सारखे ठेवणे हेच सिंकचे काम असते. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ‘बिन’मध्ये राहतो, त्यानंतर तो मिळत नाही. म्हणून मूळ फाइलची एक प्रत स्वतंत्र हार्ड डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर कोठेतरी असावी.

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचे फोटो ‘कट’ करून हलवू नयेत. मध्येच वायर निघाली, तर अर्धा फोटो ठीक आणि खालचा अर्धा राखाडी अशी फाइल उरू शकते. आधी प्रत करावी, मोठ्या आकारात काही फोटो उघडून पाहावेत आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये, कारण जुन्या फोटोची जागा नवा फोटो घेतो. फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळदा फाइली परत मिळवून देते. मात्र त्या त्याच कार्डावर न उतरवता संगणकाच्या डिस्कवर उतरवाव्यात.