लॉगबुकातली लाल शाई

दुसऱ्या महायुद्धात आजोबा रॉयल एअर फोर्सच्या बाँबर विमानावर होते, एवढंच माहीत असेल तर आधी घरातलं लॉगबुक, म्हणजे त्यांची उड्डाणांची नोंदवही, शोधा. त्यात दिवसाची उड्डाणं निळ्या-काळ्या शाईत, रात्रीची बहुधा लाल शाईत असतात. बाँबरच्या मोहिमा बहुतेक रात्रीच होत, म्हणून त्या लाल नोंदींत शोधा. सराव उड्डाणंही त्यातच मिसळलेली असतात.

तारीख आणि स्क्वाड्रनचा (विमानांच्या तुकडीचा) क्रमांक मिळाला की ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या एआयआर २७ या, स्क्वाड्रनांच्या कामगिरीच्या नोंदींच्या मालिकेकडे वळा. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा असतो, पण खरा ऐवज फॉर्म ५४१ मध्ये: विमान, सगळा क्रू, उड्डाणाची आणि परतीची वेळ. आडनावाचं स्पेलिंग तिथे हमखास चुकलेलं सापडतं, म्हणून वैमानिकाच्या नावावरूनही शोधा. लँकॅस्टर या बाँबर विमानावर साधारण सात जण असत आणि क्रू शक्यतो एकत्रच उडे.

फोटोत विमानावरची मोठी अक्षरं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. विमान पडलं की तेच अक्षर पुढच्या विमानाला मिळे. भरवसा शेपटीजवळच्या बारीक सिरियल नंबरवर ठेवा, उदाहरणार्थ आर ५८६८. तो बदलत नसे.